गाडीने घर किती वर्षं मागे जातं, ते आधी मोज

आधी गाडी घेऊ की घर, असा प्रश्न एका मुलाने विचारलाय. तो थोडक्यात सांगते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. मुलगा २९ वर्षांचा, ऐरोलीला आयटीत, हातात महिन्याला १ लाख ६५ हजार येतात. आई-वडील, धाकटा भाऊ आणि हा, असे चौघं ठाण्यात सावरकरनगरला वन बीएचकेमध्ये राहतात. घरचं, भावाच्या कॉलेजचं, स्वतःचं सगळं जाऊन ६० हजार उरतात. जमा आहेत २४ लाख, त्यातले ९ एफडीत, ११ म्युच्युअल फंडात, ४ असेच बचत खात्यात पडलेले. कासारवडवलीला एक रिसेलचा वन बीएचके बघून ठेवलाय, ८५ लाख. आणि त्याच वेळी २०१४ ची बीएमडब्ल्यू झेड फोर समोर आलीये, लाल रंग, दोन सीट, उघडणारं छत, मालक ३१ लाख म्हणतोय. प्लॅन असा की १६ लाख स्वतःचे टाकायचे, १५ लाखांचं लोन काढायचं, "घर काय ताई, आज ना उद्या होईलच, पण चाळिशीत गाडी घेऊन काय मजा".

तर आता मी कोण ते सांगते, कारण सल्ला देणाऱ्याचा पोटापाण्याचा धंदा काय आहे ते माहीत असलेलं बरं. मी सुरुवातीची ५ वर्षं कार लोनच्या डेस्कला काढली, त्यानंतर आजपर्यंत होम लोन, सगळं ठाण्यातच, नौपाड्यात ऑफिस. म्हणजे तू घर घेतलंस तर माझ्यासारखीला चार पैसे मिळतात, गाडी घेतलीस तर नाही. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाच. पण गाड्यांचं वेड मला कळत नाही असं समजू नकोस, कार लोनच्या काळात डिलिव्हरी घेताना लोकांचे चेहरे बघितलेत मी, फ्लॅटची किल्ली घेताना इतका आनंद कुणाच्या तोंडावर दिसत नाही, तिथे तर बहुतेक जण आधी बाथरूमचा नळ सोडून बघतात.

पहिली गोष्ट, १५ लाखांचं लोन तुला कार लोन म्हणून मिळेल हे डोक्यातून काढ. सेकंड हँड गाडीला बँका साधारण असं बघतात की लोन संपेल तेव्हा गाडी १० वर्षांच्या वर जायला नको. तुझी गाडी आजच त्याच्या पुढे गेलीये. डीलर म्हणेल "हो जाईल सर, आपली सेटिंग आहे", आणि मग जे येईल ते पर्सनल लोन असेल. १३ टक्के धर, ५ वर्षं, तर १५ लाखांचा ईएमआय ३४ हजार १००च्या आसपास बसतो, आणि ५ वर्षांत साडेपाच लाखांच्या जवळ व्याज जातं. हे व्याज वगैरे तू धरलं असशीलच, हुशार आहेस. तू जे धरलेलं नाहीस, आणि माझ्याकडे येणाऱ्यातल्या दहापैकी नऊ जणांनी धरलेलं नसतं, ते पुढे आहे.

बँक होम लोन देताना बघते की पगाराच्या किती टक्के आधीच हप्त्यात अडकलाय. आमच्या धंद्यात याला फॉयर म्हणतात. तुझ्या पगाराला ५० टक्के धरूया, काही बँका थोडं जास्तही धरतात, पण ५० धरून चाललं की नंतर तोंडावर पडायला होत नाही. म्हणजे ८२ हजार ५०० पर्यंतचा हप्ता तुला झेपतो असं बँक मानते. साडेआठ टक्क्याने २० वर्षांना लाखाला ८६८ रुपये हप्ता, म्हणजे तुझी एलिजिबिलिटी साधारण ९५ लाख. आता त्यातून गाडीचे ३४ हजार वजा कर. उरले ४८ हजार ४००. त्यावर लोन बसतं साडेपंचावन्न लाखांच्या आसपास.

परत वाच. १५ लाखांचं लोन काढलंस आणि ३९ लाखांची एलिजिबिलिटी गेली. कारण हप्ता मोजला जातो महिन्याचा, आणि ५ वर्षांच्या लोनचा लाखाचा हप्ता २० वर्षांच्या लोनच्या अडीच-पावणेतीन पट असतो. आणि तू बघितलेल्या फ्लॅटला लोन लागतं ६८ लाख. म्हणजे गाडी घेतल्या दिवसापासून तो फ्लॅट कागदावरच बंद. पगार वाढेल म्हणशील, वाढेल ना, पण फ्लॅटवाला पण थांबून राहणार नाहीये.

आता त्या २४ लाखांकडे ये. तुला वाटतंय की ८५ लाखांच्या फ्लॅटला १७ लाख भरायचे, मग वर ७ लाख मोकळे आहेत. इथे सगळे फसतात. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ३० लाखांपर्यंतच्या लोनला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८० पर्यंत आणि त्याच्या वर ७५ टक्क्यांपर्यंतच लोन देता येतं. ८५ चे ८० टक्के म्हणजे ६८, बरोबर. १७ तुझे, ते पण बरोबर. पण स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन या हिशोबात येत नाही, ते पूर्ण तुझ्या खिशातून. ठाण्यात पुरुषाच्या नावावर ७ टक्के, म्हणजे ५ लाख ९५ हजार. रजिस्ट्रेशन फी ३० हजार. सोसायटीची ट्रान्सफर फी, जिला २५ हजारांची मर्यादा आहे, वर कुणी "डोनेशन" मागितलं तर पावती माग, मग बघ आवाज कसा बदलतो. ब्रोकरचा एक टक्का धरला तर ८५ हजार. बँकेची प्रोसेसिंग, लीगल, व्हॅल्युएशन वेगळं. बेरीज कर, २४ लाख ३५ हजारच्या वर गेली. तुझे सगळेच्या सगळे २४ लाख फक्त दारातून आत जायला लागतात, आणि आत गेल्यावर पंखे पण लावायचेत.

आईचं नाव घातलं तर एक टक्का वाचतो असं कुणीतरी सांगितलं असेल. वाचतो, पण घेणाऱ्या सगळ्या बायकाच असतील तरच, तुझं नाव बाजूला आलं की गेला. ८५ हजारांसाठी फ्लॅट एकट्या आईच्या नावावर करायचा आणि उद्या दोघा भावांमध्ये विषय निघायचा, हे मी माझ्या टेबलावर इतक्या वेळा बघितलंय की आता मी त्या सवलतीचा विषय स्वतःहून काढतच नाही.

म्हणून माझ्या दृष्टीने तुझे २४ लाख हे गाडीचे अर्धे पैसे की घराचं डाउन पेमेंट, असं त्यांच्याकडे बघूच नकोस. ते तुझे ३ वर्षं ४ महिने आहेत. महिन्याला ६० हजारांनी इतकी रक्कम जमायला तेवढा काळ लागतो, व्याज सोडून. त्यातले १६ लाख गाडीत घातलेस की सव्वादोन वर्षं गेली. आणि मग बघ पुढे काय होतं.

झेड फोरचा महिन्याचा खर्च मी काढला. हप्ता ३४ हजार. इन्शुरन्स, थर्ड पार्टी १५०० सीसीच्या वर वर्षाला ७ हजार ८९७ ठरलेला, पण ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग, धरून अशा गाडीला वर्षाचे ६०-७० हजार सहज, म्हणजे महिन्याला साडेपाच. पेट्रोल, ऑफिस आणि शनिवार-रविवार मिळून ८०० किलोमीटर, ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये ८ चा ॲव्हरेज मिळाला तरी नशीब, १०० लिटर, १०४ चा भाव धर, १० हजार ४००. सर्व्हिस, टायर, आणि अचानक निघणारी कामं मिळून महिन्याला १० हजार बाजूला ठेवलेच पाहिजेत, कारण या गाडीला रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, टायर येतात, स्टेपनी नसते, आणि चार टायरचा सेट लाखाच्या घरात जातो. झाले ६० हजार. बरोब्बर तुझी शिल्लक.

म्हणजे पुढची ५ वर्षं तुझी बचत शून्य, आणि हातात ८ लाख, तेही एखादा मोठा खर्च निघाला नाही तर. ३४ व्या वर्षी तू परत २६ व्या वर्षी होतास तिथे. तू म्हणतोस घर आज ना उद्या होईल. होईल, पण हा "उद्या" मोजलेला बरा, तो निदान ५ वर्षांनी पुढे जातोय.

गंमत म्हणजे ६८ लाखांच्या होम लोनचा हप्ता ५९ हजार येतो. महिन्याला खिशातून जाणारे पैसे दोन्हीकडे जवळपास तेवढेच, घराला मेंटेनन्स धरून चार-पाच हजार जास्त.

गाडीबद्दल अजून थोडं बोलते, कारण या भागाचा कुणी विचार करत नाही आणि मला यात मजा पण येते. २०१४ चं रजिस्ट्रेशन म्हणजे २०२९ ला आरसीची १५ वर्षं पूर्ण. मग फिटनेस करून, पर्यावरण कर भरून रिन्यू करायचं. तुझं लोन त्याच्याही पुढे चालू असणार, म्हणजे गाडीचं आयुष्य कागदोपत्री संपल्यावरही तू तिचा हप्ता भरत असशील. मग गाडी कुठल्या पासिंगची आहे ते तू लिहिलं नाहीस. डीएल असेल तर भाव कमी का आहे ते समजून घे, दिल्लीत जुन्या गाड्यांवर वयाच्या नियमांची टांगती तलवार असते म्हणून तिकडच्या गाड्या इकडे ढकलल्या जातात, आणि इकडे आणून एमएच पासिंग करायला एनओसी आणि वर महाराष्ट्राचा टॅक्स. इम्पोर्टेड गाडीला हा टॅक्स देशी गाडीसारखा नसतो, आधी आरटीओतून आकडा लेखी घे, डीलरच्या तोंडी नको. हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवर आधीच्या लोनचा बोजा, चढलेलं असेल तर ते उतरल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नकोस.

इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे पार्टची घसारा न कापता पूर्ण भरपाई देणारा इन्शुरन्स, सहसा मिळत नाही. मग बंपर फुटला तर प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या पार्टवर ५० टक्के तुझे. आणि ही गाडी बुटकी, रस्त्याला लागून चालणारी. तू सावरकरनगरहून ऐरोलीला कळव्यावरून जातोस की कोपरीवरून मुलुंडला जाऊन ऐरोली पूल धरतोस माहीत नाही, पण कळव्यावरून जात असशील तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली जुलैत काय होतं ते तुला मी सांगायला नको. इंजिनात पाणी गेलं आणि तू परत स्टार्टर मारलास तर साधी पॉलिसी हात वर करते, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, आणि तेही या वयाच्या गाडीला देतील की नाही ते आधी विचार.

पार्किंगचं तर विचारूच नको. माझा एक क्लायंट, असाच, जर्मन दोन सीटर घेतली होती, निळी. मला दाखवायला म्हणून ऑफिसला घेऊन आला. आमची गल्ली म्हणजे गोखले रोडच्या आत, सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला, मधे रिक्षा. त्याने गाडी लावली, वर आला, चहा मागवला, तेवढ्यात खाली टोइंगवाल्याचा भोंगा वाजला की हा उठून खिडकीत. पाऊण तासात तीनदा खाली जाऊन आला. चहावर साय धरली. जाताना मी खाली सोडायला गेले तर कुणीतरी बॉनेटवर भाजीची पिशवी ठेवून फोनवर बोलत होतं, तो बिचारा काही बोलला नाही, नुसता उभा राहिला, पिशवीतली मेथी पानांवरचं पाणी गाळत होती आणि हा खिशातला रुमाल काढू की नको असं करत होता. नंतर त्याच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायचं, मिळालं, खालच्या पॅलेटच्या कडेला गाडीची हनुवटी रोज घासायची, आवाज असा यायचा म्हणे की बायको गॅलरीत येऊन बघायची. दीड वर्षात विकली. किती तोटा झाला ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं पण नाही.

तू बघितलेल्या फ्लॅटला पार्किंग कुठलं आहे, स्टिल्ट (बिल्डिंगच्या खाली खांबांमधलं) की स्टॅक की नुसतं "ओपन", ते अलॉटमेंट लेटरवर बघून ये. गाडी आज घे की १० वर्षांनी, हे कामी येईल.

आता दुसरी बाजू. "घर घे, घर घे" म्हणणाऱ्या काकांच्या रांगेत मी उभी नाहीये. २०१३ ला एका मुलाचं मी लोन केलं होतं, घोडबंदरच्या आतल्या अंगाला, अंडर कन्स्ट्रक्शन. रेरा, म्हणजे बिल्डरांना लगाम घालणारा कायदा, नव्हता तेव्हा. चौथ्या स्लॅबला काम थांबलं. तो ६ वर्षं प्री-ईएमआय, म्हणजे ताबा मिळेपर्यंतचं नुसतं व्याज, पण भरत होता आणि भाडं पण. तो मला भेटला की हसून म्हणतो, ताई, त्या पैशात मी बुलेटवर लडाख चार वेळा केलं असतं. काय बोलणार. आणि माझा स्वतःचा पहिला फ्लॅट, ज्या बाईने शेकडो लोकांची फाइल बघितली तिचा, ओसी, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा महापालिकेचा दाखला, नसलेला होता. बिल्डर म्हणाला येतेय येतेय, आणि आम्ही टँकरच्या पाण्याचे पैसे भरत ओसीची वाट बघत बसलो. घाईने घेतलेलं घर विकून मोकळं होणं गाडीपेक्षा दसपट अवघड आहे, ते पंधरा दिवसांत जात नाही.

म्हणून घराकडे वळलास तरी या चार गोष्टी बघितल्याशिवाय टोकन देऊ नकोस, रिसेल आहे म्हणून सोप्पं असं नाही. ओसी बघ, झेरॉक्स नाही, महापालिकेकडून खात्री करून. डोंबिवलीच्या ६५ इमारतींचं प्रकरण आठव, खोट्या परवानग्यांवर रेरा नंबर मिळवले होते आणि लोकांनी नंबर बघून घरं घेतली, मग कोर्टाने पाडायचा आदेश दिला. म्हणजे नुसता रेरा नंबर आहे म्हणून डोळे मिटू नयेत. आधीच्या सगळ्या अ‍ॅग्रीमेंटची साखळी बघ, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालकाचं लोन असेल तर किती बाकी आहे ते सांगणारं त्याच्या बँकेचं आउटस्टँडिंग लेटर. किंमत ५० लाखांच्या वर आहे म्हणून एक टक्का टीडीएस तुलाच कापून मालकाच्या पॅनवर भरायचाय, ८५ हजार, हे विसरलास तर नोटीस तुला येते. रिसेलला ओसी असेल तर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेलं घेतलंस तर ८५ लाखांवर ५ टक्के, सव्वाचार लाख वर, आणि अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डरने १० टक्क्यांच्या वर पैसे घ्यायचे नसतात, घेतो म्हणाला तर उठून ये.

कासारवडवलीच का, हे पण मला कळलं नाही. नोकरी ऐरोलीला आणि घर घोडबंदरच्या त्या टोकाला, माजिवडा आणि कापूरबावडी पार करून रोज? मेट्रो ४ होईल म्हणून घेत असशील तर ती ऐरोलीला जात नाही, वडाळ्याला जाते. खारेगाव-कळवा बघ, ऐरोली-घणसोली नोडमधल्या जुन्या सिडकोच्या सोसायट्या बघ. फक्त नवी मुंबईत जमीन सिडकोच्या लीजवर असते, त्यामुळे ट्रान्सफरला सिडकोची एनओसी आणि तिचे चार्जेस, हे बजेटमध्ये आधीच धर. आणि गावठाणातल्या, चार मजले चढवलेल्या "स्वस्त आणि मस्त" बिल्डिंगमध्ये शिरू नकोस, तिथे बँक लोन देत नाही, आणि बँक का देत नाही याचा विचार ब्रोकर करू देत नाही.

आता मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं. ही गाडी सोडली असती. ही म्हणजे ही, ३१ लाखांची, पर्सनल लोनवाली. आणि घर पण या महिन्यात घेतलं नसतं. २४ लाख सगळे संपवून घरात शिरायचं आणि हातात एक पगारसुद्धा नाही, आयटीत सध्याच्या दिवसांत, हे मला बघवत नाही. १० महिने अजून जमव, ६ लाख होतील, ३० झाले की २४-२५ घरात आणि ५-६ लाख बाजूला, त्याला हात लावायचा नाही. त्या १० महिन्यांत जागा बघत राहा, सिबिलचा क्रेडिट स्कोअर काढून बघ, आणि पुढच्या वर्षभरात जे पैसे लागणार आहेत ते फंडातून हळूहळू काढून घे, सगळे एकदम नको. शेअरचे फंड वर्षाच्या वर ठेवलेले असतील आणि फायदा सव्वा लाखापर्यंत असेल तर त्यावर्षी लाँग टर्मचा टॅक्स नाही, त्याच्या वर साडेबारा टक्के, म्हणून थोडे मार्चच्या आत आणि थोडे एप्रिलनंतर काढलेस तर बरंच वाचतं.

टॅक्सवरून आठवलं. "होम लोन घेतलं की टॅक्स वाचतो" हे वडिलांच्या काळचं गणित आहे. नव्या रिजीममध्ये स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. तू नव्यात असशील तर टॅक्सच्या नावाखाली घर घेऊ नकोस.

आणि गाडी? गाडी हवीच असेल, म्हणजे खरंच रात्री झोप लागत नसेल, तर ८ लाखांत घे, रोख. एखादी नीट ठेवलेली पोलो जीटी टीएसआय बघ, छोटी गाडी, टर्बो इंजिन, ज्यांना चालवायची मजा कळते त्या लोकांमध्ये तिचं नाव आहे, आणि विटाव्याच्या पाण्यात ती तुझ्या झेड फोरपेक्षा जास्त टिकेल. ८ लाख म्हणजे तुझे १३ महिने. घर वर्ष-सव्वा वर्षाने पुढे जाईल, ५ वर्षांनी नाही, आणि डोक्यावर हप्ता नसल्यामुळे ९५ लाखांची एलिजिबिलिटी जशीच्या तशी. मला विचारशील तर २९ व्या वर्षी वर्ष-सव्वा वर्षाची किंमत मोजून मनासारखी गाडी चालवणं हा वेडेपणा नाहीये, तुझ्या वडिलांना हे दाखवू नकोस एवढंच.

झेड फोरच हवी असं असेल तर आधी एका रविवारी भाड्याने अशी गाडी घे. मुंबईत मिळतात. सकाळी ६ ला निघ, समृद्धीला आमणेहून चढ, तिथे सपाट भागात १२० ची मर्यादा आहे, इगतपुरीपर्यंत जाऊन ये. किंवा अटल सेतू, १०० ची मर्यादा, एका बाजूचा टोल २५०. पाम बीचला रात्री जाऊ नकोस, तिथे काय चालतं ते मला माहितीये आणि पोलिसांनाही. परत येताना मुद्दाम संध्याकाळी ७ ला तीन हात नाक्याला ये. छत उघडं ठेवून. शेजारी टीएमटीची बस, बसमधले सगळे वरून तुझ्या मांडीवरचा मोबाइल वाचताहेत. मग घरी जाऊन ठरव.

तो निळ्या गाडीवाला, त्याने नंतर माझ्याकडूनच होम लोन केलं, मुलुंडच्या सीमेवर टू बीएचके. हप्ता भरतानाही वर्षाला बोनस आला की तो लोनमध्ये टाकायचा, फ्लोटिंग रेटला प्रीपेमेंटचा चार्ज नसतो म्हणून. ११ वर्षांत लोन संपवलं. गेल्या वर्षी त्याने परत तसलीच एक घेतली, रोख पैसे देऊन, ह्यावेळी काळी. वय ४३. चाळिशीत मजा नसते म्हणतोस ना, तो मला मागच्या महिन्यात न्हावा शेवापर्यंत घेऊन गेला, पोट सांभाळून आत शिरतो, निघताना दाराला धरून उठतो, पण पुलावर चढल्यावर एक अक्षर बोलला नाही, मी पण नाही बोलले.

गाडीचं पासिंग, मालक कितवा आणि तुझी शेवटच्या ३ महिन्यांची सॅलरी स्लिप, एवढं पाठव. मालकाला टोकन दिलं असशील तर आजच फोन करून "हायपोथिकेशन आणि सर्व्हिस रेकॉर्ड बघितल्याशिवाय पुढे जात नाही" असं सांग, खरा मालक असेल तर चिडणार नाही. आणि समोरासमोर बसायचं असेल तर शनिवारी ये, बाइकवर ये.